खिडकीतली पाण्याची बाटली

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही — ती गेली, तिलाही न कळताच गेली. पोरांपाशी नाही. दर सोमवारी महादेवाला जातो, पिंडीवर पाणी घालतो, तिथंसुद्धा हे एवढं सोडून बाकी सगळं बोलून येतो. तुम्ही माझे सोयरे नाही, भावकीतले नाही. तुमच्याशी बोलायला बरं.

आधी मी कोण ते ऐका, म्हणजे पुढचं नीट कळेल. शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही पुरती नाही. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे — हे सगळं मी स्वतः लिहितोय, कुणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. नळदुर्ग ते उमरगा या पट्ट्यात कुणाचं डिझेल इंजिन बंद पडलं की माझ्याकडं माणूस धाडायचे. मी आधी उघडत नव्हतो. नुसता कान लावायचो आणि सांगायचो, नोझल गेलंय, नाहीतर वॉशर फाटलाय. चुकलो नाही. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. खरं ते खरं.

ही फुशारकीच पुढं नडली. पण फुशारकी ही काही सबब नव्हे. सबबी सांगायला मी बसलेलो नाही.

खंडेनवमी तुमच्याकडंही करत असतील, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आमच्यात त्या दिवशी पाने, हातोडे, नांगर, इंजिन — जे जे पोटाला घालतं ते सगळं पुसून घ्यायचं, विभूतीची तीन बोटं ओढायची, हळदीकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. मग नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी यंत्रावर शिंपडायचं. यंत्राला आधी पाणी, मग माणसाला खोबरं. हा माझ्या बापाचा दस्तूर, त्याच्या बापाचाही. माझ्या इंजिनानं असं किती नारळांचं पाणी पिलं, आणि ते अजून एका हिसक्यात सुरू होतं. मग मला काय वाटणार? यंत्रं सगळी एकाच वळणाची, असंच वाटलं.

तेव्हा मी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष होतो. नातू शाळेत होता, म्हणून पालकांनी मला निवडलं. निवडलं ते बरंच केलं. शाळेचं गळकं छप्पर मी बदलून घेतलं. कॉम्प्युटर आले तेही माझ्या भांडणानं. साहेबाच्या टेबलावर हात आपटून विचारलं होतं — शहरातली पोरं यंत्रावर शिकणार आणि आमच्या पोरांनी त्याचं नुसतं नाव ऐकायचं व्हय? साहेब वर बघायला तयार नव्हता. मी दारातून हललो नाही. शेवटी आले.

आले कसे? डबा एकच, आणि त्याला जोडलेले चार पडदे. डबा बंद पडला की चारी पडदे आंधळे. आमचे गुरुजी तरुण होते, भूम तालुक्यातले. त्यांनी मला हे समजावून सांगितलं. मी म्हटलं, एका इंजिनावर चार पट्टे, कळलं मला.

त्या खोलीची एक किल्ली गुरुजींकडं, एक माझ्याकडं.

आता सुजाता. सातवीत होती. भीमनगरातली, बाप खडी केंद्रावर कामाला. बारकी पोर, गळ्यात सुतळीनं अडकवलेली एक हिरवी पाण्याची बाटली, ती सदान्‌कदा बरोबर. शाळा सुटल्यावर गुरुजी तिला कॉम्प्युटरवर बसायची मुभा द्यायचे. तुळजापूरला शाळांचं प्रदर्शन भरणार होतं, तिथं आमच्या शाळेकडून ती यंत्र चालवून दाखवणार होती. पडद्यावर एक बारकं कासव असायचं. त्याला लिहून हुकूम द्यायचा — एवढं पुढं चल, एवढं वळ — की ते मागं रेघ ओढत चालायचं. मी एकदा खोलीत डोकावलो तर तिनं मला हाक मारली.

"आबा, या की आत. तुमच्यासाठीच केलंय."

कासवानं आधी गोल काढला. मग मधून आऱ्या ओढायला लागलं, एकेक करून.

"काय गं हे?"

"तुमच्या इंजिनाचं चाक. म्या तुमच्या दारात बसून बघून आले."

मी म्हटलं, "एक आरी वाकडी झालीय तुझी."

"न्हाय आबा. तुमच्या चाकाचीच वाकडी हाय. कासव सांगितल्याबिगर वाकडं जात न्हाय."

मी हसलो. घरी गेल्यावर वाकून चाक बघितलं. होती एक आरी वाकडी. इतकी वर्षं ते चाक माझ्या हाताखाली, आणि माझ्या नजरेत ती आली नव्हती. मला राग नाही आला. लई आनंद झाला. कुणाच्या पोरीनं माझं इंजिन पडद्यावर चढवलं होतं — सुखानं झोपलो मी त्या दिवशी. हे अशासाठी सांगतो की तिच्याविषयी माझ्या मनात अढी नव्हती. अढी असती तर जे झालं त्याला काही नाव तरी देता आलं असतं. नव्हती.

मग झालं काय? सांगतो.

खंडेनवमी आली. मी समितीत म्हटलं, यंत्राची पूजा करू, गावाला बोलावू. गुरुजी म्हणाले, जरूर करू, पण दाराला करू. तोरण बांधा, उंबऱ्याला हळदीकुंकू वाहा — आत पाणी नको आबा, नारळ तर नकोच, हे यंत्र नाजूक असतं. सगळ्यांसमोर म्हणाले. आवाज चढवून नव्हे, रीतीनंच म्हणाले. पण मला — ज्यानं उभ्या जन्मात इंजिनं उघडली त्याला — यंत्र म्हणजे काय हे कालचा पोरगा शिकवणार? मी काही बोललो नाही. मी बोललो नाही की घरच्यांना कळायचं, आता हा करणार.

नवमीला सकाळी तांबडं फुटायला मी ताट घेऊन शाळेत गेलो. आवारात कोणी नव्हतं. माझ्या किल्लीनं खोली उघडली. टेबलावर डब्याशेजारी सुजाताची हिरवी बाटली होती. आदल्या संध्याकाळी विसरून गेली असणार. ताटाला जागा पाहिजे म्हणून मी ती उचलली आणि खिडकीत ठेवली.

मग विभूती ओढली, हळदीकुंकू लावलं. नारळ पायरीच्या दगडावर फोडला. डब्याच्या वरच्या अंगाला बारीक जाळी होती. तिच्यावर पाणी शिंपडलं — असं मी इतकी वर्षं मनात म्हणत आलो. शिंपडलं. खरं सांगू? शिंपडलं नाही. ओतलं. हात गुरुजींवरच्या रागात होता. ओतल्यावर विभूती, कुंकू फडक्यानं पुसून काढलं, कारण गुरुजींना दिसलं असतं. पुसायची आठवण राहिली मला. म्हणजे आपण चोरून करतोय हे कळत होतंच ना? खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, कुलूप लावलं, घरी आलो.

दुपारच्या आधी गाव जमलं. लहान पोरांनी पाटीवर सरस्वती काढली, पाटीपूजन झालं. दाराला माझ्या हातानं कुंकू लागलं, टाळ्या वाजल्या. मग गुरुजी म्हणाले, आता पोरांनी केलेलं काम दाखवतो, आणि बटण दाबलं.

आतून एक बारीक आवाज आला. मग जळका वास. चारी पडदे काळे.

सगळे माझ्याकडं वळले. का नाही वळणार? गावातला यंत्राचा माणूस मी. पेचकस माझ्या खिशात कायम असायचा. डब्याचं झाकण मीच खोललं. आत हात घातला तर बोट ओलं झालं, चिकट झालं. वास घेऊन बघायची गरज नव्हती.

त्या वेळेला एक वाक्य पुरलं असतं. "म्या नारळाचं पाणी घातलं." काय झालं असतं? गुरुजी गप्प बसले असते. भावकी पंधरा दिवस हसली असती. दुसरं काय? अध्यक्षपद गेलं असतं तर गेलं असतं. पण माझ्याभोवती सगळी माणसं, माझी सून पदर सावरून बघतेय, नातू मान उंच करून बघतोय की आपला आजा आता सांगणार काय बिघडलंय ते.

मी म्हटलं, "आत ओल हाय."

एवढं खरं होतं. मग माझी नजर खिडकीकडं गेली. गेली म्हणू का नेली म्हणू? नेली. आणि मी म्हटलं, "ती पोरगी बाटली घिऊन बसती हितं."

बस. तेवढंच बोललो.

बाकीचं लोकांनी केलं. मागून एकजण म्हणाला, "त्यांच्यात पूजा करत्यात व्हय? देवाच्या दिवसांत बिनपूजेचा हात लावल्यावर दुसरं काय हुणार?" कोणीतरी फिदीफिदी हसलं. गुरुजी म्हणाले, असं काही नसतं हो, आणि सुजाता तसली निष्काळजी नाही. पण बाटली समोर होती, त्यांना पुढं बोलता येईना. पूजेनंच मेलेल्या डब्यापुढं मी उभा होतो, माझ्या बोटांना नारळाचं पाणी लागलेलं होतं — आणि त्या माणसाच्या बोलण्याला मी मान हलवली.

सुजाता तिथं नव्हती. दसऱ्याला त्यांच्यातली माणसं नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. त्याच सकाळी भीमनगरातली गाडी निघाली होती, त्यात तीही होती. तिच्या बाजूनं बोलायला गावात तिच्या घरचं एक माणूस नव्हतं. परत आली तेव्हा सगळं ठरून गेलेलं होतं.

पुढचं लिहायला सगळ्यात जड.

तिचा बाप तिला घेऊन माझ्या दारात आला. पायरीखाली उभा राहिला. म्हणाला, "आबा, पोरीची चूक झाली. पोटात घाला." ती खाली बघत होती. गळ्यात बाटली नव्हती. मी काय केलं असेल? मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "जाऊ दे पोरी. हुतंय." मी तिला माफ केलं! बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. गावात माझं नाव झालं, आबांचं मन किती मोठं.

खोटं बोलणं एक. पण जिनं काही केलंच नाही तिला माफ करणं — याला तुमच्याकडं काय म्हणतात? माझ्याकडं शब्द नाही.

प्रदर्शनाला आमची शाळा गेली नाही. कासव आणि चाक त्या डब्यातच मेलं. मी पेंटर बोलावून खोलीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून घेतलं — यंत्राला कोणीही हात लावू नये. खाली, अध्यक्ष. डब्यावर चादर घातली. गुरुजी पुढं बदलून गेले. मग दुसरे कॉम्प्युटर आले, तेही मी खोक्यात ठेवले. किल्ली कंबरेला. मास्तर म्हणायचे, आबा, पोरांना शिकवायचंय. मी म्हणायचो, शिकवा की, हात न लावता शिकवा. मग आमची पोरं वहीत माऊसचं चित्र काढायची आणि खाली नाव लिहायची, माऊस. मार्क मिळायचे. असल्या यंत्रासाठी मी साहेबाच्या दारात बसलो होतो का? खोली उघडली तर कोणीतरी विचारेल, त्या दिवशी नेमकं झालं काय होतं — मला याची धास्ती होती. लोक म्हणायचे, आबा शाळेच्या मालाला जपतात. मी जपत होतो ते दुसरंच.

सुजातानं दहावीनंतर शाळा सोडली. ते सगळं माझ्यामुळं, असं म्हणणार नाही. तिथं मी नव्हतो. पण एक गोष्ट मला उमरग्याच्या एका डॉक्टरच्या कंपाउंडरनं बोलता बोलता सांगितली. तुमच्या गावची सुजाता आमच्याकडं आहे, म्हणाला. हुशार आहे, काउंटरवर बस म्हटलं, पगार जास्त देतो म्हटलं, तर नको म्हणते. तिथं कॉम्प्युटर आहे ना, त्याला ती हात लावत नाही. आत ड्रेसिंगचा कापूस कापत बसते. कंपाउंडर हसत होता. मीही हसलो.

आता यंदाचं. शाळेवर नवीन बाई आल्या आहेत. माझं अध्यक्षपद कधीच संपलं, पण म्हातारा म्हणून अजून विचारतात. नवे कॉम्प्युटर आलेत. बाईंनी खोली उघडली, चादरी धुवायला टाकल्या आणि सांगितलं, पाचवीपासून प्रत्येक पोरानं स्वतः बसायचं, स्वतः हुकूम लिहायचे. भिंतीवरची ओळ पुसू का, म्हणून माझ्याकडं आल्या. मी म्हटलं, राहू द्या. हटवादीपणा — दुसरं काही नाही.

परवा बाई पुन्हा आल्या. पाचवीत आरोही म्हणून एक मुलगी आहे, सुजाताची लेक. कॉम्प्युटरच्या तासाला ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसते. शेजारणीला बरोबर काय लिहायचं ते सांगते, पण स्वतः बोट लावत नाही. आईनं बजावलंय म्हणते. बाई म्हणाल्या, "आबा, तुमचा शब्द गावात कोणी मोडत नाही. तुम्ही सांगा तिच्या आईला."

मी गेलो. सुजाता गावातच राहते, त्या दिवशी दवाखान्यातनं सुट्टी घेऊन घरीच होती. मला बघून उठली, खुर्ची पुसून दिली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली आरोहीची पुस्तकं, एकावर एक, कव्हर घातलेली. चहा आणला.

मी म्हटलं, "पोरीला बसू दे की यंत्रावर."

"नको आबा." अगदी साधेपणानं म्हणाली. "माझा हात कसा हाय ते तुमास्नी ठावं हाय. आख्ख्या शाळेचं यंत्र घालवलं म्या. तुमी मोठ्या मनानं सोडलं. तिला कोण सोडंल?"

"अगं, बारकी हुतीस तवा —"

"बारकी असले तरी चूक माझीच की. ती बाटली परत घरी आली तवा बघितली की म्या. अर्धी रिकामी, आन्‌ टोपण सैल. रातभर रडले. आधीच घट्ट लावलं असतं तर आबा?"

मला विचारत होती. माझ्याकडं बघून. दारात आरोही उभी होती, हात मागं बांधून, तिच्या आईसारखीच बारकी.

आणि मी काय केलं? चहा पिला. कप खाली ठेवला. म्हटलं, "बघ, इचार कर." आणि उठून आलो. या वयात. कोणाचं भय उरलंय मला? कोणाचंही नाही. तरी उठून आलो. पहिल्या वेळी गर्दी होती. परवा गर्दी नव्हती.

त्या संध्याकाळी शाळेत गेलो आणि भिंतीवरची ओळ खरवडायला घेतली. बाई म्हणाल्या, पेंटरला सांगते. मी म्हटलं, पेंटरनं माझ्या सांगण्यावरनं लिहिलं, पुसायचं मी. तेलाचा रंग, जाता जात नाही. नखं गेली. अर्धी ओळ अजून दिसते.

हे तुमच्या हाती येईल तोवर मी सुजाताच्या दारात जाऊन आलेला असेन. या वेळी पायरीखाली उभा राहीन. मग खंडेनवमीला शाळेत, त्याच खोलीत, सगळ्या गावापुढं तेच बोलेन. आधी इथं लिहून टाकलं, म्हणजे मला मागं फिरता येऊ नये. माफ कर म्हणणार नाही. तो शब्द माझ्या तोंडात एकदा खोटा झाला आहे. ती काय बोलेल, दार लावून घेईल की काय, आरोहीला पाठवेल की नाही — ते तिचं. मी फक्त जे झालं ते सांगणार.

एक अजून राहिलं. ते मी स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी ताटाला जागा करायला मी ती बाटली उचलली, तेव्हा ती काठोकाठ भरलेली होती. पालथी झाली तरी थेंब सांडला नसता. दुपारी गर्दी पांगल्यावर मी खोलीत एकटाच राहिलो. बाटली खिडकीतनं काढली, अर्धी बाहेर कडुलिंबाच्या बुंध्याशी ओतली आणि तिच्या घराशेजारच्या म्हातारीच्या हाती दिली — नागपूरहून आले की द्या म्हणून.

टोपण घट्ट होतं, सुजाता. सैल मी केलं.